टेकडीवरून लावलेला फोन

गेल्या हिवाळ्यात मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं की आपण पाळकाच्या कामाला लायक नाही. हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. पाळक लोकांचं ऐकून घेतो, त्याचं ऐकून घेणारं कोणी असतंच असं नाही. जळगावच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बरीच वर्षं उपदेश करत होतो. बाक भरलेले असत, गीतं सुरात गायली जात, सणाला पटांगणात पाय ठेवायला जागा नसे. तरी मला सारखं वाटे की ही माणसं वर्षानुवर्षं आहेत तिथेच आहेत. कोण पुढे बसतं आणि कोणाच्या मुलीला गाण्यात घेतलं नाही, यावरून अबोले धरणारी. म्हणून मी आध्यात्मिक प्रौढतेचा एक वर्ग सुरू केला. वह्या छापून घेतल्या, दर आठवड्याला शास्त्रपाठ, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. लोक हौसेनं आले, पाठांतर करून पासही झाले. मला समाधान वाटलं. आता मंडळी वाढतेय, असं मी सगळ्यांना सांगू लागलो.

त्याच दिवसांत नानांची बायको दवाखान्यात होती. नाना म्हणजे निवृत्त शिक्षक आणि आमच्या मंडळीतले सगळ्यात जुने वडील, मंडळीच्या कारभाराची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांच्यापैकी. मी या गावात नवा आलो तेव्हा माझं सामान टेम्पोतून उतरवायला तेच आले होते. काकू जवळजवळ तीन आठवडे दवाखान्यात होत्या आणि मी एकदाच गेलो, तेही दहा मिनिटं, कारण वर्गाच्या समारोपाची तयारी चालली होती. काकू गेल्या. अंत्यविधी मीच केला आणि चांगला केला, असं लोक म्हणाले.

महिन्याभरानं कमिटीच्या बैठकीत पुढच्या वर्गाचा विषय निघाला, तेव्हा नाना हळूच बोलले, "पाळकसाहेब, तुम्ही इकडे प्रौढता शिकवत होतात, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात एकटा बसलेलो असायचो."

त्या वेळी मान खाली घालायला हवी होती. पण चारचौघांत बोलले म्हणून मला राग आला. मी म्हणालो, "नाना, प्रौढ विश्वासणाऱ्याला माणसाच्या आधाराची गरज पडत नाही. तुमचा विश्वास अजून कच्चा आहे." नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते उठून गेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यांच्याबरोबर सहा कुटुंबंही आली नाहीत. नानांच्या घरी ते सगळे वेगळी उपासना करू लागले, असं कानावर आलं. आठ महिने असेच गेले. बाजारात दोनदा समोरासमोर आलो आणि दोन्ही वेळा मीच रस्ता बदलला.

अशात आमच्या विभागाच्या कमिटीनं मला पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगराळ भागात पाठवलं. तिथल्या एका पाड्यावर आमची लहानशी मंडळी होती. तिथला सेवक, म्हणजे मंडळी सांभाळणारा प्रचारक, दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेला होता आणि दुसरा मिळाला नव्हता. कोणी शिकवणारं नाही, तेव्हा मंडळी चालू ठेवायची की बंद करायची, हे पाहून यायचं होतं. खरं सांगायचं तर बंद करा असं लिहायचं मी निघतानाच ठरवलं होतं. आणि परत आल्यावर आपलंही काम सोडायचं, हेही. पारोळ्यावरून धुळ्याला, तिथून साक्री, पिंपळनेर अशा एसट्या बदलत शनिवारी संध्याकाळी पोहोचलो. स्टँडवर दानियल नावाचे पन्नाशीचे गृहस्थ मोटरसायकल घेऊन उभे होते. त्यांच्याच घरी मुक्काम केला. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर आणि उडदाची आमटी जेवलो. झोपण्यापूर्वी दानियल म्हणाले, "उद्या प्रभुभोजन होईल ना? दोन वर्षं झाली, कोणी द्यायलाच आलं नाही." मी हो म्हटलं. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा हा विधी आमच्यात बहुधा पाळकच चालवतो.

सकाळी कुडाच्या भिंतींच्या त्या खोलीत तीसेक माणसं जमिनीवर बसली होती. मजुरीला आणि ऊसतोडीला जाणारी, काही जंगलातला डिंक-मध विकणारी. शास्त्रवाचन एका बाईनं बोट ठेवून, अडखळत केलं. मग आजारी कोण आहे, कोणाकडे कोण जाऊन आलं, याची विचारपूस झाली. कोणाच्या शेतातली नागली तशीच उभी होती, ती कापायला दोघं जण तिथल्या तिथे तयार झाले. मध्ये एका चौरंगावर भाकर झाकून ठेवली होती आणि काळ्या मनुका भिजवून काढलेला रस पितळी पेल्यात होता. मी प्रार्थनेसाठी उठणार, एवढ्यात फुलाबाई नावाची म्हातारी उभी राहिली. सेवक गेल्यापासून मंडळी हिनंच धरून ठेवली होती, हे दानियलांनी मला येतानाच सांगितलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं. मनात अढी ठेवून प्रभुभोजन घ्यायचं नसतं, म्हणून ती एकेकापाशी जाऊन विचारू लागली, कोणाशी काही वाकडं आहे का? बहुतेकांनी मान हलवून नाही म्हटलं. एक तरुण सून म्हणाली, "सासूशी बोलत नव्हते, काल बोलले." एक जण उठून दुसऱ्याजवळ जाऊन बसला. हे सगळं काही विशेष नसल्यासारखं चाललं होतं, घरात जेवायच्या आधी हात धुतात तसं.

मग ती माझ्यासमोर आली. मला वाटलं, ती पुढे जाईल. ती थांबली.

"पाळकभाऊ, तुमनं कोनासंगे काही वाकडं शे का?"

मी हसून "नाही, नाही" म्हणणार होतो. शब्द तोंडात आलेही होते. पण तिच्या चेहऱ्यावर ना संशय होता, ना माझ्या पदाची भीती. इतरांना विचारलं तसंच तिनं मला विचारलं होतं. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं. आईच्या बोलीतला शब्द आपोआप बाहेर आला.

"शे, अक्का."

आणि मी खाली बसून सगळं सांगितलं. नानांचं, काकूंचं, मी काय बोललो ते. पाळकानं मंडळीसमोर रडू नये, असं मी नेहमी मानत आलो होतो. त्या दिवशी ते जमलं नाही. माझं बोलून झाल्यावर कोणी उपदेश केला नाही. फुलाबाई एवढंच म्हणाली, "मंग फोन लावा ना. आठे रेंज नई शे, टेकडीवर येस."

मी म्हटलं, "इतकी माणसं खोळंबलीत, अक्का. नंतर लावतो."

"दोन वरीस थांबनूत, आखो एक घंटा थांबसूत," ती म्हणाली आणि काठी घेऊन माझ्यापुढे चालू लागली.

टेकडी फार उंच नव्हती. वर गेल्यावर ती जरा लांब एका दगडावर पाठ करून बसली. मी नंबर लावला. नानांनी फोन घेऊच नये, असंही मला आतून वाटत होतं. दुसऱ्याच रिंगला त्यांनी घेतला.

"नाना, मी बोलतोय. मी चुकलो. त्या दिवशी जे बोललो ते खोटं होतं. मी दवाखान्यात यायला हवं होतं."

पलीकडे खाट करकरल्यासारखा आवाज आला.

"आज आमच्याकडे प्रभुभोजन आहे," नाना म्हणाले. "द्यायला मला सांगितलंय. सगळे बाहेर येऊन बसलेत आणि मी आत खाटेवर बसून आहे. हात उचलत नाहीये हो माझा. मनात तुमच्याविषयी जे भरलंय ते घेऊन कसं द्यायचं, हेच प्रभूला विचारत होतो." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठे आहात?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "तिथलं आटपून घ्या. मीही आटपतो. परत आलात की आधी इकडे या."

महिन्याचा पहिला रविवार होता. त्या दिवशी पुष्कळ ठिकाणी प्रभुभोजन असतं, हे मला कळतं. कोणी याला योगायोग म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मला एवढंच माहीत आहे की टेकडी उतरताना माझे पाय हलके झाले होते आणि आठ महिन्यांनी मला मोकळा श्वास घेता आला. खाली सगळे बसल्या जागी बसून गीत गात होते. मी भाकर मोडून एकेकाला दिली. फुलाबाईनं तुकडा घेतला आणि म्हणाली, "बरं व्हयनं, भाऊ."

जळगावला उतरल्यावर सरळ नानांकडे गेलो. त्यांनी स्वतः चहा केला, साखर जास्त पडली. काकूंचे शेवटचे दिवस त्यांनी मला एकेक करून सांगितले आणि मी मध्ये न बोलता ऐकले. सगळं त्या एका भेटीत भरून निघालं नाही. सहापैकी चार कुटुंबं परत आली, दोन अजून नानांच्या घरच्या प्रार्थनेलाच जातात, आणि नाना आता दोन्हीकडे जातात. पाड्यावरची मंडळी चालू ठेवावी, असं मी विभागाच्या कमिटीला कळवलं. शक्य झालं तर आमच्यातल्या पाळकांनी काही दिवस तिथे राहून शिकावं, असंही लिहिलं. काम सोडण्याचा विचार मागे पडला. छापलेल्या वह्या आता मी वाटत नाही. शास्त्र शिकवतो, ते शिकवायलाच हवं, पण आता आमचे दहा-बारा जणांचे गट आहेत. ते एकमेकांच्या घरी जातात, आजाऱ्यापाशी बसतात आणि प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांना विचारतात. मलाही विचारतात. पहिल्या वेळी विचारणारे भाऊ फार संकोचले होते.

मंडळीला वाढवायचं ओझं माझ्या खांद्यावर आहे, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, आणि ओझं माझं म्हणून मंडळीही माझीच, असं मनात कधी येऊन बसलं ते कळलंच नाही. ती ज्या प्रभूची आहे त्यानं ती माझ्याशिवाय, एका निरक्षर म्हातारीच्या हातून, डोंगरात सांभाळून ठेवली होती. आणि तिच्याच हातून मलाही सांभाळलं. आता उपदेशाला उभा राहतो तेव्हा समोरच्या माणसांना मोठं करण्याची घाई मला होत नाही. मी त्यांच्यातलाच एक आहे, अजून वाढतो आहे, आणि मला धरून ठेवायला ही माणसं आहेत. यासाठी मी रोज प्रभूचे उपकार मानतो.