हॅरोची तंटामुक्ती

...तर केटल खटकन बंद झाली, आणि त्या खटक्यासरशी माधवरावांच्या ध्यानात आलं, की सकाळपासून या खोलीत झालेला हाच सगळ्यात मोठा आवाज. काल इथवरच आलो होतो ना? मग आतून जेवायची हाक आली आणि गोष्ट केटलपाशीच राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं. जे होते त्यांनी तेवढा वेळ सुपारी कातरावी.

माधवराव कराडकडचे. शिक्षण गावच्या शाळेत, सातवीपर्यंत. तेही मास्तरांनी पुढं ढकललं म्हणून. जन्म सारा दूध सोसायटीत गेला. म्हातारपणी सरकारनं गावोगाव तंटामुक्त समित्या काढल्या, गावातले तंटे गावातच मिटवा म्हणून, तेव्हा गावानं माधवरावांना अध्यक्ष केलं. का केलं, तर हा माणूस एकदा बोलायला लागला की भांडणाऱ्यांना बोलायला जागाच राहत नाही. हे माधवराव स्वतःच सांगतात आणि स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसतात.

त्यांची तंटा मिटवायची रीतही ठरलेली. आधी दोघांना एका घोंगडीवर बसवायचं. मग ज्याच्या त्याच्या मनात जे साचलंय ते सगळं ओकू द्यायचं, कुणी मधे बोलायचं नाही. आणि शेवटी दोघांनी एका ताटातलं खायचं. माधवरावांचं म्हणणं, पहिली दोन कामं कुणीही करील, खरी मेख त्या ताटात आहे.

त्यांचा मुलगा उदय तिकडं लंडनच्या हॅरोला डॉक्टर, सून सुप्रभाही डॉक्टर. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात माधवराव त्यांच्याकडं राहायला आले. बायको आशाबाई आल्या नाहीत. "दोघंही गेलो तर म्हशी कुणाच्या तोंडाकडं बघून दूध देतील?" म्हणाल्या. त्यात तथ्य होतं. म्हशी माधवरावांकडं बघून कधीच देत नव्हत्या.

आता हॅरोतलं घर म्हणजे सकाळी सगळे गेले की मसणवट. भिंतीवरचं घड्याळसुद्धा टिकटिक करत नव्हतं. माधवराव आधी टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईशी बोलून पाहायला लागले. मग पोस्टमनला गाठायला लागले, तर त्या बिचाऱ्यानं पत्रं दारातून आत टाकून पळायला सुरुवात केली. मग ते टोपी घालून, उदयचा जुना कोट चढवून बसस्टॉपवर जाऊन बसू लागले. प्रत्येक बस थांबायची, दार उघडायचं, आणि माधवराव हात हलवून म्हणायचे, "नको नको, नुसता बसलोय. जा तू." एका ड्रायव्हरनं उदयच्या शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्यानं सुप्रभाला, आणि त्या रात्री जेवताना सुप्रभा म्हणाली, "बाबांना कुठंतरी माणसांत न्यायला हवं हो."

मग नातीनं, अनुयानं, त्यांना आपल्याबरोबर न्यायचं ठरवलं. ही अनुया केंब्रिजला शिकली, आणि शिकून काय केलं, तर गालिच्याच्या दुकानावरची एक मोठी खोली घेऊन तिथं लोकांना बसून काम करायला टेबलं भाड्यानं द्यायला लागली. को-वर्किंग म्हणतात त्याला. उदयला आपल्या मुलीचं हे काम चारचौघांत कसं सांगावं हे अजून जमलेलं नव्हतं. "अनुया ना, ती प्रॉपर्टीमध्ये आहे," असं तो म्हणायचा. माधवरावांनी मात्र पहिल्या दिवशी सगळं नीट बघून घेतलं आणि चाट पडले. हापीस आहे, पण साहेब नाही. शिपाई नाही. मस्टर नाही. एकाचा धंदा दुसऱ्याला ठाऊक नाही. आणि तरी माणसं मुकाट्यानं येतात, बसतात, काम करतात आणि जातात!

"आजोबा, तुमचा खुर्ची इथे," अनुयानं केटलच्या शेजारची खुर्ची दाखवली. तिचं मराठी आईवडिलांकडून कानानं उचललेलं, तेवढं चालायचंच. "तुम्ही चहा करा, पेपर बघा. पण सगळे काम करतात ना, सो प्लीज, हळू आवाज. ओके?"

"वक्के," माधवराव म्हणाले, आणि त्या खुर्चीवर असे बसले की जणू ती सोसायटीच्या चेअरमनचीच. घरच्या त्या मुक्या भिंतींपेक्षा इथं निदान माणसांच्या पाठी तरी दिसत होत्या. आठवडाभर ते सुखात होते. चहा करायचे, कपबश्या विसळायचे, कोण किती साखर घेतं ते पाठ करायचे.

पण आठवडाभरानं केटल खटकन बंद झाली, आणि ते मघाशी सांगितलेलं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. एकूण एकाच्या कानावर ती गाणी ऐकायची यंत्रं. यंत्रं माधवरावांना नवीन नव्हती, गावातली पोरंही वायरी लोंबकळत हिंडायची. पण शेजारी जिताजागता माणूस बसलेला असताना दिवसभर कान बुजवून बसायचं, याचा आपल्याकडं एकच अर्थ होतो. अबोला!

त्यातही खिडकीजवळच्या टेबलावरची दोघं. एक कॉलिन. उंच, वाकलेला, जाड पुस्तकांच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर आहे त्याच्या सूच्या करणारा. समोर भाविशाबेन. नैरोबीहून लहानपणी आलेल्या गुजराती, कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायच्या. दोघं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, आणि तोंडातून अवाक्षर नाही.

"यांचं काय बिनसलंय गं?" माधवरावांनी अनुयाला हळूच विचारलं.

"कुठे काय? फ्रेंड्स आहेत. काही सांगायचं असलं तर ई-मेल करतात एकमेकांना."

माधवरावांच्या हातातला चमचा थांबला. समोरासमोर बसून पत्रव्यवहार! गावात इतकं टोक गाठलं की मधे वकील असतो.

रात्री त्यांनी फोनकार्ड खरवडून आशाबाईंना फोन लावला.

"अगं, इथं सगळी खोलीच्या खोली अबोल्यात आहे."

"असंना का. तुम्ही मधे पडू नका."

"मी कशाला पडतोय?"

"अहो, मागं कोंबडीच्या तंट्यात पडलात, तेव्हा कोंबडी कुणाची ते ठरेपर्यंत ती म्हातारी होऊन मेली. आठवतंय ना? चहा करायला बसवलंय, चहा करा."

माधवराव गप्प बसले. त्यांचा गप्प बसण्याचा काळ फार नसतो, हे आशाबाईंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आणखी एकदा बजावलं. तेव्हा कार्ड संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुया खाली कुणाला तरी आणायला गेली, आणि माधवरावांनी संधी साधली. घोंगडी नव्हती, म्हणून आपला मफलर बाकावर पसरला. टोपी नीट केली. कॉलिन आणि भाविशाबेन यांच्या पाठीवर थाप मारून, कानावरची यंत्रं काढायची खूण करून, दोघांना मफलरवर आणून बसवलं. आणि सातवीपर्यंतचं सगळं इंग्रजी एकवटून विचारलं, "यू टू. व्हॉट इज ट्रबल?"

कॉलिन गडबडला. काहीच नाही, म्हणाला, सगळं छान आहे. भाविशाबेननीही मान हलवली. "कुछ नहीं काका, सब अच्छा है."

दुसरा कुणी असता तर तिथंच उठला असता. पण माधवराव आपल्याकडचे. आपल्याकडं पाहुणा 'नको' म्हणाला म्हणजे त्याला नको असतं का? पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसऱ्याला पोळी पानात पडलेली असते. पुरणपोळीला लागू पडतं ते तक्रारीलाही पडणारच, असं माधवरावांनी धरलं. "नो शाय," ते म्हणाले. "लिटल ट्रबल? सांगा. टेल. अगदी बारीकसं?"

कॉलिन या आग्रहापुढं फार टिकला नाही. बघा, अगदी विचारताच आहात म्हणून सांगतो, म्हणाला, भाविशाच्या फोनवर गरब्याचं गाणं वाजतं आणि ती तो कधीच पहिल्या कडव्याच्या आत उचलत नाही.

भाविशाबेन वळल्या. "मी? आणि तू दिवसभर गुणगुणतोस ते?"

"मी गुणगुणतो?"

"एकच धून! मी ती झोपेत ऐकते!"

"वा!" माधवराव मांडी थोपटत म्हणाले. "निघू दे, सगळं निघू दे."

आणि निघालं. फ्रीजमधलं दूध निघालं. बंद खिडकी आणि उघडी खिडकी निघाली. पलीकडच्या टेबलांवर एकेक यंत्र कानावरून खाली आलं. कुणाचं तरी बिस्किट निघालं, कुणाच्या तरी लोणच्याचा वास निघाला. कधी न बोललेली माणसं उभी राहून बोलायला लागली. माधवराव मधोमध, डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी. गावाकडंसुद्धा इतकी जोरदार बैठक झाली नव्हती.

नेमकं तेव्हाच दार उघडलं. दारात अनुया, आणि तिच्याबरोबर जागा बघायला आलेली एक नवी बाई. अनुया जिन्यावरून बोलत येत होती, "आमच्याकडं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शांतता."

ती बाई कार्ड घेऊन गेली. परत काही आली नाही.

अनुया ओरडली नाही. त्याचंच माधवरावांना वाईट वाटलं. कपबश्या आवरताना ती म्हणाली, "आजोबा, उद्यापासून तुम्ही घरी राहा. सॉरी. हा माझी काम आहे."

"अगं, पण अजून ताट राहिलंय..."

"आजोबा. प्लीज."

संपलं. केटलशेजारची खुर्ची गेली. माधवराव परत टिकटिक न करणाऱ्या घड्याळासमोर येऊन बसले. उदय रात्री हसत म्हणाला, "बाबा, इंग्रजांना भांडायला लावलंत? शाब्बास!" एरवी माधवरावांनी या शाबासकीवर तासभर गप्पा हाणल्या असत्या, पण त्यांनी भात कालवला आणि उठले. आशाबाईंना फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, "कोंबडी का?" माधवराव म्हणाले, "कोंबडीच." बसस्टॉपवर जायची तर त्यांना लाज वाटायला लागली होती, तिथले ड्रायव्हर आता थांबायचेच नाहीत, नुसता हात करून पुढं जायचे. खुर्ची गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून एक गोष्ट त्यांना टोचत होती. पोटातलं सगळं बाहेर काढलं आणि ताट मांडलंच नाही. असा अर्धा तंटा त्यांनी उभ्या जन्मात सोडला नव्हता.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी अनुया आली ती बूट न काढताच त्यांच्यासमोर बसली.

"ते दोघं बोलत नाहीत आजोबा. खरंच बोलत नाहीत. कॉलिन दरवाजाजवळ बसतो, भाविशा किचनजवळ. ई-मेल पण बंद. कॉलिन आता गुणगुणत नाही आणि भाविशा म्हणते की त्यामुळे तिला काम सुचत नाही. पण त्याला सांगणार नाही म्हणते."

माधवरावांनी मोठ्या कष्टानं चेहरा गंभीर ठेवला. "म्हणजे आता अबोला आहे."

"आता आहे! तुम्ही केला! तुम्हीच संपवा."

"बघ बाई. परत म्हणशील..."

"आजोबा, भाव नका खाऊ."

सुप्रभानं तोवर चिवड्याचा डबा खाली काढलासुद्धा होता.

दुसऱ्या दिवशी माधवरावांनी बाक मधोमध ओढला, मफलर पसरला, आणि घरून आणलेलं स्टीलचं ताट चिवड्यानं भरून मधे ठेवलं. दोघांना हातानं धरून आणून बसवलं. या खेपेला त्यांनी तोंड उघडलं नाही. ही गोष्ट हॅरोतल्या मराठी मंडळात अजून कुणी खरी मानत नाही, पण अनुया साक्षीदार आहे. नुसतं ताटाकडं बोट केलं.

कॉलिननं चमचा शोधला. चमचा नव्हता. मग त्यानं दोन बोटांनी, चिमटीत फुलपाखरू धरावं तसा, एक शेंगदाणा उचलला. मग आणखी एक. मग तिसरा. भाविशाबेन ताटाकडं बघत होत्या. माधवरावांना बोलल्यावाचून राहवेना; त्यांनी ओठ दातांखाली धरले.

"तो सगळे दाणे खातोय," भाविशाबेन अखेर माधवरावांना म्हणाल्या. कॉलिनला नव्हे.

कॉलिनचा हात थांबला. कान लाल झाले. मग त्यानं ताटात बोट घालून दाणे एकेक करून वेचले आणि तिच्या बाजूच्या काठाशी नीट ओळीत लावून ठेवले, जणू त्यांचीही सूची करायची होती. भाविशाबेननी त्यातला एक, चिमूटभर पोह्यांसकट, उचलला. आणि तोंडात टाकता टाकता हसू फुटलं, तेव्हा पोह्यांचा फवारा उडाला तो थेट कॉलिनच्या स्वेटरवर.

त्या दुपारी खिडकीजवळून गुणगुणणं ऐकू आलं. धून तीच. भाविशाबेननी कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि पत्रिकेतल्या गणपतीची सोंड सरळ करत बसल्या. मग त्यांचा फोन वाजला, आणि गरबा दोन कडवी चालला. कुणी वर बघितलं नाही.

माधवराव रिकामं ताट विसळत होते. अनुया येऊन शेजारी उभी राहिली. केटलजवळची खुर्ची तिनं पायानं त्यांच्याकडं सरकवली.

"बसा. पण एक कंडिशन आहे आजोबा. कोणाला काही विचारायचं नाही. कोणाच्या गोष्टीत कान घालायचा नाही. इथे सगळे हेडफोन लावून बसतात, तसं तुम्ही बसायचं. कबूल?"

माधवरावांनी ताट पालथं घातलं, हात पुसले, खुर्चीत बसून टोपी नीट केली, आणि ते म्हणाले, "कबूल. मलाही एक घेऊन दे ते कानाचं, लावून बसतो. आत गाणी मात्र घालू नकोस, मला सगळं नीट ऐकू आलं पाहिजे."