पडद्यावरचा मोठा भाऊ

अंगठ्याने मोबाइलवरचं चित्र थांबवायचं, भोवतीच्या बायकांवरून नजर फिरवायची आणि म्हणायचं, "थांबा. आता हा काय म्हणते, ते आयका."

वडनेरला माझ्या शेजारी राहणाऱ्या वहिनींची ही रोजची पद्धत. तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात चौदा वर्षं त्या शिवणयंत्रावर बसल्या. तिथेच नवरा वारला, तेव्हा पंधरा वर्षांच्या लेकीला घेऊन सासरी परतल्या. लेकीला चालता येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. येताना त्यांनी तमिळ भाषा आणली आणि तिकडचे सिनेमे पाहण्याची आवड.

मारामारीचे सिनेमे त्या लावत नसत. अंथरुणावरच्या बापाला न्हाऊ घालणारा मुलगा, मुकं लेकरू वाढवणारी आई, असलेच. दुपारी ओसरीवर बायका जमत. वहिनी एका हाताने लेकीला वरणभात भरवत आणि प्रत्येक वाक्य वऱ्हाडीत सांगत.

"या लोकायले रडाचा लय शौक दिसते बाप्पा," समोरच्या काकू म्हणाल्या.

"मंग तुमी काऊन डोये पुसून राह्यल्या?"

"मी कांदा चिरून आली न."

वहिनींचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, त्याच घराच्या पुढच्या भागात राहत. त्यांच्या मुलीला पाहायला रोहण्याहून पाहुणे आले, तो दिवस मला आठवतो. स्वयंपाकाला मदतीला गेलेल्या बायकांदेखत भासऱ्यांनी वहिनींना बजावलं, "तुह्या पोरीले मांगच्या खोलीत ठेव. कडी लाव. पाहुण्याईले दिसली, तर म्हनतीन यायच्या रक्तातच खोट हाय."

वहिनी पाहुण्यांसाठी आलुबोंडे तळत राहिल्या. मागच्या खोलीच्या दारावर आतून हात आपटल्याचा आवाज येत होता. आमची भिंत एकच, त्यामुळे तो मलाही ऐकू आला. मी पेपरला गावच्या बातम्या देणारा, पण उठून गेलो नाही. चार तासांनी कडी निघाली. स्थळ जुळलं, लग्न झालं. लग्नातही खोलीचं दार बंदच होतं.

गणपतीत मंडळाने समाजमंदिराच्या खिडक्यांना ब्लँकेटं लावून भरदुपारी वहिनींचा एक तमिळ सिनेमा दाखवला. आता सारं गाव होतं. माइक वहिनींच्या हातात आणि लेक पहिल्या रांगेत, खुर्चीला ओढणीने बांधलेली. सिनेमात अशीच एक मुलगी होती. तिच्या बहिणीला पाहायला लोक येतात आणि मोठा काका, म्हणजे बापाचा मोठा भाऊ, अंगणात उभा राहून तावातावाने काही बोलतो. वहिनींनी चित्र थांबवलं.

"आता हा काय म्हणते, ते आयका. तुह्या पोरीले मांगच्या खोलीत ठेव, म्हणते. कडी लाव, म्हणते."

आधी बायकांच्या माना वळल्या, मग पुरुषांच्या. भासरे उठले.

"बसा न भाऊजी," वहिनी माइकवर म्हणाल्या. "माह्या पोरीले लपवलं. आता तुमी लपून दाखवा."

सभागृहात कोणी हसलं नाही. भासरे पुन्हा बसले, शेवटपर्यंत.

गावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्र दुरुस्तीला आलेला कोइमतूरचा एक मिस्त्री माझ्या शेजारी होता. बाहेर पडल्यावर तो मोडक्या हिंदीत म्हणाला, बाईंनी उलटं सांगितलं. तो काका म्हणतो, पोरीला बाहेर आणा. जे तिला पाहू शकत नाहीत, त्यांचं स्थळ आम्हाला नको.

मी वहिनींना गाठून म्हणालो, "त्या माणसावर अन्याय झाला."

"कोन्या?"

"पडद्यावरच्या."

"त्याचं काय जाते? तो तिकडं हाय. हा इथं हाय." मग हात पुसत म्हणाल्या, "गावानं पाह्यलं याच्याकडं. पन भाऊ, रोहण्यावाल्यायले अजून माहीत नाई, माही पोरगी हाय म्हनून."

गेल्या वर्षी तिरुपूरच्या जुन्या शेजारणीने बोलावलं. कामाच्या वेळात लेकीला ती सांभाळणार होती. वहिनी गेल्या.

महिन्याभराने भासरे माझ्याकडे आले. "पेपरवाले, खरं सांगा. त्या पिच्चरमधला मोठा भाऊ तसंच म्हणते का? का हिनं मनानं घातलं?"

वहिनींची बाजू सोडवेना. "तसंच म्हणतो," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा सैल झाला. "म्हंजे सारीकडं असंच हाय. मी एकटाच नाई."

मी वहिनींना फोन केला. मागे शिवणयंत्रांचा आवाज होता. भासरे काय म्हणाले, ते मी सांगितलं.

"मंग खरं सांगा त्यायले," त्या म्हणाल्या. "पन एकटे असले तं नका सांगू. व्याही आले, का सांगजा."

दिवाळीनंतर रोहण्याचे व्याही आले. मी ओसरीवर गेलो, चहा घेतला आणि भासऱ्यांना म्हणालो, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. सिनेमातला मोठा भाऊ म्हणतो, आमची ही पोरगी ज्यांना पाहवत नाही, त्यांच्याशी सोयरीक नको."

भासऱ्यांचा कप तोंडापाशीच थांबला. व्याह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"कोनती पोरगी?" त्यांनी विचारलं.