एमिलचं बोट

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची तर्जनी वर करायची. ओळख असो नसो. बोट न उचलणारा माणूस एक तर परगावचा, नाहीतर भांडलेला. एमिल व्होसिकाचं बोट तर झोपेतसुद्धा उठत असावं.

एमिल रोज सकाळी माझ्या हॉटेलात कॉफी प्यायचा आणि जर्दाळूच्या दोन कोलाची, म्हणजे मधे गोड सारण भरलेले पाव, पिशवीत टाकून अभयारण्याकडे निघायचा. तिथल्या मातीच्या रस्त्यावर पिकअप उभी करायची, गहू भरलेला जुना पायमोजा खिडकीत ठेवायचा, त्यावर कॅमेरा टेकवायचा आणि बसून राहायचं. जनावरं गाडीला भीत नाहीत, माणसाला भितात, म्हणून खाली उतरायचं नाही. इतकी वर्षं बसून त्याने जमवले काय, तर पाठमोऱ्या बायसनांचे फोटो. "तोंडच दाखवत नाहीत गं," तो म्हणायचा. "त्यांनाही माणसं कळतात," मी म्हणायचे.

खरं तर त्याला एकच फोटो हवा होता. बिळं उकरणारा बुटका बॅजर आणि कोल्ह्याच्या जातीतला कायोटी, दोघं जोडीने शिकारीला जाताना. एकाने बीळ उकरायचं, दुसऱ्याने बाहेर दबा धरायचा. त्याने आणि त्याच्या बायकोने, ॲल्बीनाने, ती जोडी एकदा पाहिली होती. नेमका कॅमेरा घरी राहिलेला. गावात सांगितलं तर लोक पोट धरून हसले. शेजारचा शेतकरी ऑर्व्हिल क्रेब्स सगळ्यांत जास्त.

"उद्या म्हणशील, कोल्हा आणि कोंबडी भागीत शेती करतात!"

ॲल्बीना मान वर न करता म्हणायची, "मी पाहिलंय." मग कुणाची पुढे बोलायची छाती नव्हती.

ॲल्बीना गेली आणि ऑर्व्हिलला रान मोकळं मिळालं. एकदा हॉटेल रिकामं असताना एमिल मला म्हणाला, "हल्ली माझं मलाच खरं वाटत नाही. विचारायला ती नाही ना." मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी ऑर्व्हिलला मुद्दाम शिळी कोलाची वाढली. मेल्याने चवीने खाल्ली.

जत्रेच्या आधीच्या आठवड्यात एमिल नेहमीच्या जागी बसला होता. डाव्या खिडकीसमोरचं गवत हललं आणि बॅजर बाहेर आला. मागोमाग कायोटी. एमिलने श्वास रोखला, बोट बटणावर नेलं. तेवढ्यात समोरून धुरळा उडवत पिकअप आली, आणि एमिलचं बोट, जन्माची सवय, बटणावरून उठून वर झालं.

बोट दिसलं म्हटल्यावर ऑर्व्हिल थांबणारच. खिडकीला खिडकी लावून तो बरोबर मधे उभा राहिला.

"काय रे लेका, लागलं का लग्न बॅजरचं?"

उठलेलं बोट खाली आलं ते थेट बटणावर.

"मागे बघ," एमिल पुटपुटला. ऑर्व्हिलने आधी टोपी सरळ केली, मग मान वळवली. तोवर मागे फक्त गवत होतं. "दिसतंय हो, छान गवत आहे," ऑर्व्हिल म्हणाला.

एमिल तडक माझ्याकडे आला. रडवेला झाला होता. आम्ही कॅमेऱ्यात पाहिलं. ऑर्व्हिलचा आ वासलेला जबडा, नाकातला केस न् केस. आणि त्याच्या खांद्यामागे, पलीकडच्या उघड्या खिडकीत, जराशी अंधुक पण ओळखू येणारी ती दोघं. मी एमिलच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याची कॉफी सांडली.

जत्रेतल्या फोटोंच्या स्पर्धेत परीक्षकांनी तो फोटो 'माणसं' या विभागात टाकला आणि पहिल्या नंबरची निळी फीत दिली. ऑर्व्हिलचे पाय जमिनीला लागेनात. धुतलेला शर्ट घालून तो दिवसभर फोटोशेजारी उभा. पण येणारा प्रत्येक जण त्याचं तोंड सोडून एकच विचारायचा, "मागे काय आहे ते?"

दुपारपर्यंत ऑर्व्हिलने "कुत्री असतील" म्हणून वेळ मारून नेली. मग शाळेतल्या जुन्या बाई आल्या, चष्मा लावून त्यांनी तेच विचारलं. ऑर्व्हिल स्वतः वाकला आणि बराच वेळ फोटो बघत राहिला.

"बॅजर आणि कायोटी," तो म्हणाला. "जोडीने जातात. ॲल्बीनाने पाहिलं होतं."

एमिल पलीकडे सरबताच्या रांगेत होता. त्याने ऐकलं. दोन्ही हातांत पेले होते, तरी त्यातल्या एकावरचं बोट वर झालं.