गॅलरीत टाळी वाजवायची नाही

गुरुवारी संध्याकाळी आमदारबाईनं मला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि टाळी न वाजवायला शिकवलं. आम्ही दोघांनी सोबत केलेलं शेवटचं काम तेच. आमदारबाई म्हणजे माझी बायको. आमच्या सौसरकडच्या लोकांनी तिला पाच वेळा निवडून भोपाळच्या विधानसभेत पाठवलं. सगळे तिला आमदारबाई म्हणायचे, मग मीही तेच म्हणू लागलो.

"हात मांड्यांखाली घाला," ती म्हणाली. "आता समजा, तुमी वर गॅलरीत अन् खाली माहं नाव वाचून राहिले. तुमाले लई आनंद झाला. काय करान?"

"बसून राहीन."

"अन् तोंड?"

"बंद."

"जमते तं तुमाले! मंग इतके वर्ष काहून नाही जमलं?"

पुढच्या आठवड्यात सभागृहात जुन्या आमदारांचा सन्मान होता. घरच्यांना वर गॅलरीत बसायला बोलावलं होतं. तिची एकच इच्छा होती, मी यावं. मी त्या गॅलरीत तिच्या पहिल्या वर्षानंतर पाय ठेवला नव्हता. तेव्हा ती पहिल्यांदा बोलायला उभी राहिली, रामाकोन्याच्या नाल्यावरच्या पुलासाठी. आधी आवाज कापला, मग असा खणखणीत लागला की मी उभा राहून टाळ्या पिटल्या. खालचे आमदार बाकं वाजवतात, वरच्यांनी हूं की चूं करायचं नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मार्शल आला, कोपराला धरून मला बाहेर घेऊन गेला. चौथी शिकलेल्या माणसाचा अपमान लवकर उतरत नाही. मी म्हटलं, तुझ्या त्या सभेत पुन्हा येणार नाही. नाही गेलो.

ती चिडली नाही. उलट दर हिवाळ्यात आमच्या बागेतल्या संत्र्यांची पहिली पेटी त्याच मार्शलला न्यायची. मंत्र्यांची पेटी नंतर. "माह्या नवऱ्याले सांभाळून बाहेर नेलं त्यानं," म्हणायची. मी मुद्दाम बारकी फळं भरायचो. ती अख्खी पेटी उलटी करून मोठी निवडून भरायची.

तिची दुसरी सवय ऐकून घ्यायची. सकाळी ओट्यावर वेताची खुर्ची टाकून बसायची. गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस कुठूनही सुरू होवो, ती मधे तोडायची नाही. चहा मी करायचो. आतून मलाच राहवायचं नाही. "अरे, मुद्द्याचं बोल ना बे!"

"तुमी मंधात नका बोलू. माणूस खरं शेवटी सांगते."

"शेवटापर्यंत चहा संपते."

"तं अजून ठेवा."

त्या गुरुवारी ती झोपली, शुक्रवारी उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी खुर्ची आत घेतली आणि दार लावलं. तेराव्याच्या आत लोधीखेड्याचा एक शेतकरी कागद घेऊन आला. त्याला मी तोंडावर म्हटलं, "बाई मेली. आता काय घेऊन आला?" तो कागदाची घडी घालून परत गेला.

भोपाळहून फोन आला. सन्मान ठरल्याप्रमाणेच होणार, घरचं कोणीतरी या. आमची पोरगी म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, शिकवलं मला आहे.

गॅलरीच्या दारात तोच मार्शल. मिशा पांढऱ्या झालेल्या. माझ्याकडे बघत राहिला. "आप वही तालीवाले? बाई संतरों के साथ हर साल आपका क़िस्सा सुनाती थीं।"

खाली तिच्या बाकावर फुलं ठेवलेली. तिचं नाव वाचलं तशी दोन्हीकडची बाकं वाजली, तिच्याशी जन्मभर भांडलेल्यांचीसुद्धा. मार्शल वाकून हळूच म्हणाला, "बाबूजी, आज बजा लीजिए। मैं उधर देखता हूँ।"

"नाही," मी म्हटलं. "तिनं नाही म्हटलं आहे."

हात मांड्यांखाली मुंग्या येईपर्यंत दाबून ठेवले. गप्प होतो म्हणून सगळं ऐकू आलं. विरुद्ध पक्षाचा एक म्हातारा आमदार उठून म्हणाला, या सभागृहात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारी एकच होती, आणि ती समोरच्या बाकांवर बसायची. माझ्या घरात ती रोज हेच करायची. मी आत बसून चहा मोजायचो.

शाल आणि मानपत्र घेऊन रात्रीच्या गाडीत बसलो. सकाळी पांढुर्ण्याला उतरलो, तिथून बसनं लोधीखेड्याला गेलो. त्या शेतकऱ्याचं घर विचारत विचारत काढलं. मला बघून तो दारातच थबकला. म्हटलं, "चाल घरी. कागद घे."

घरी वेताची खुर्ची ओट्यावर काढली आणि त्याला तीत बसवलं. तो बसेना. दटावून बसवलं. चहा टाकला, या वेळी जास्तीचा. म्हटलं, "मी आमदार नाही. मला लिहिताही धड येत नाही. पोरगी लिहून देईल. सांग."

तो शेतावरच्या विजेची डीपी जळाल्यापासून सुरू झाला आणि त्याच्या पोरीच्या लग्नावर गेला. मी पायरीवर बसलो आणि हात मांड्यांखाली घातले.