हा कर

"हा कर."

साहेब पार्किंगमध्ये उभे. हातात गाडीची चावी. मी समोर, दोन हात अंतरावर. सकाळचे साडेआठ. लिफ्टमधून माणसं बाहेर येतायत, कुणी ऑफिसला निघालेलं, कुणी पोराला शाळेच्या बसपर्यंत सोडायला. त्या सगळ्यांच्या देखत मी तोंड उघडायचं आणि घशातून हवा बाहेर सोडायची.

साहेब जवळ येत नसत. मान तेवढी पुढे काढायचे, हुंगायचे, मागे व्हायचे. मग निकाल. "आज फक्त लसणाच्या चटणीचा वास आहे. प्रगती आहे." बघणारे हसायचे. मीही हसायचो. मग चावी माझ्या तळहातावर पडायची. वरून. हाताला हात लागणार नाही इतक्या उंचीवरून.

असं अकरा महिने. सुट्टीचे दिवस सोडले तर रोज.

मी पीत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला शोधून काढल्याचं समाधान नको. बाप प्यायचा, पण बापाच्या नावावर ढकलणार नाही. त्यानं माझ्या तोंडात ओतली नव्हती. मी माझ्या पायांनी दुकानात जायचो आणि उभ्याउभ्याच संपवायचो.

आम्ही बौद्ध. धायरीत आमच्या वस्तीत लहानसा विहार आहे. पंचशील मला लहानपणापासून तोंडपाठ. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. मी पहिली चार खणखणीत म्हणायचो आणि पाचव्याला खोकला काढायचो. किती तरी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरगी चौथीत होती तेव्हा तिच्या आलं. सगळ्यांसमोर माझा शर्ट ओढून म्हणाली, "पप्पा, शीलं पाच आहेत."

लाज वाटली. पण सुटली नाही. लाजेनं दारू सुटत असती तर सगळं गाव कोरडं झालं असतं.

मग एके दिवशी साहेबांनी मला गाडीत पकडलं. आदल्या रात्रीचा वास होता. त्यांनी कामावरून काढलं नाही. कात्रजच्या पुढे एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे महिनाभर ठेवलं. हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. परत आलो त्या सकाळपासून "हा कर" सुरू झालं. मला वाटलं, बरोबरच आहे. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, गाडी चालवायची आहे. आठवडाभर तपासतील, महिनाभर तपासतील.

कोथरूडमधल्या त्या सोसायटीत साहेबांना मान होता. पाहुणे आले की मला वर बोलवायचे, सामान उचलायला, आणि दाखवायला. "ह्याला मी माणसात आणला," म्हणायचे. "ह्यांच्यात हे चालतंच हो. निदान एक तरी सुटला." बोलताना हातात ग्लास असायचा. साहेब 'घेतात'. मी 'ढोसायचो'. बाटलीतलं तेच, क्रियापद वेगळं.

'ह्यांच्यात' हा शब्द मी वर्षभर ऐकला. उपकाराच्या ओझ्याखाली कानही वाकतात. मी मान डोलवायचो.

आमचा एक गट आहे. सुटलेल्यांचा, सुटू पाहणाऱ्यांचा. दर रविवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही बसतो. तिथे एक रीत आहे. शेवटचा पेला घेतला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवस मोजायचे. महिना झाला, टाळ्या. सहा महिने झाले, टाळ्या. वर्ष झालं की त्याला वाढदिवस म्हणतात आणि एक पितळी पदक देतात. मध्ये घसरलास तर सगळे दिवस गेले. परत एकपासून.

हे मी साहेबांना सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये सांगितलं होतं. आनंदानं सांगितलं होतं. साहेब मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "म्हणजे सापशिडीच की."

पदक कुणाच्या हातून घ्यायचं हे ज्याचा वाढदिवस त्यानं ठरवायचं असतं. मी साहेबांना ठरवलं. ते म्हणाले, "येतो की. फोटो काढू."

घरी हे सांगितलं तेव्हा पोरीनं वही उघडून डोकं खाली घातलं. ती आता नववीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझा एकेक दिवस तिनेच खोडला होता. लाल पेनानं, रोज झोपायच्या आधी. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "मोजलं तिनं. पदक देणार ते."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती माझी चूक. इतर चुका दारूच्या होत्या, ही शुद्धीत केली.

वाढदिवस रविवारी होता. शनिवारी साहेबांची कुठेतरी पार्टी होती. दुपारीच म्हणाले, "जा घरी. उद्या तुझा दिवस. गाडी मी चालवतो." मी वाटेत बायकोला फोन करून सांगितलं, देवमाणूस आहे.

रविवारी सकाळी सहाला त्या देवमाणसाचा फोन आला. "ताबडतोब ये."

मी पोचलो तेव्हा गेटचा एक भाग वाकलेला होता. वॉचमनची केबिन चेपलेली. त्याची प्लास्टिकची खुर्ची दोन तुकड्यांत. एक चप्पल पडलेली. चप्पल मी ओळखली. वाशीमकडचे काका रात्रपाळीला असायचे, त्यांची. शेजारी फरशी कुणीतरी नुकतीच धुतली होती. सगळा रस्ता कोरडा आणि तेवढाच तुकडा ओला.

साहेब खाली पार्किंगमध्ये होते. गाडी कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून. पुढचा दिवा फुटलेला. साहेबांनी चावी नेहमीसारखी वरून माझ्या तळहातावर टाकली. मी दार उघडलं आणि वास आला.

वर्षभरानं तो वास इतक्या जवळून आला. नाकानं आपोआप एक लांब श्वास ओढला. घाबरलो. साहेबांना नाही, त्या श्वासाला.

साहेब बोलत होते. आवाज हळू, एकेक शब्द मोजून. काकांचा पाय मोडलाय, पण जिवाला धोका नाही. शेजारच्या वॉचमननं दवाखान्यात नेलंय. गेटवरचा कॅमेरा बंद आहे. (तो तीन महिने बंदच होता. त्यावर सोसायटीची चर्चा चालू होती.) रात्री आवाज ऐकून दोघे-तिघे खाली आले, तोवर साहेब वर गेले होते. खाली आलेल्यांना गाडीत दारूचा भपका आला.

"मी त्यांना सांगितलंय, ड्रायव्हर होता. घाबरून पळाला."

मला आधी कळलंच नाही की हा ड्रायव्हर म्हणजे मी.

"हे बघ," साहेब म्हणाले, "वकील मी देतो. फार काही होत नाही. सगळ्यांना माहीत आहे तू पितोस. वर्षभर थांबलास, घसरलास. लोक समजून घेतात."

"साहेब, मी घसरलो नाही."

"माहीत आहे रे मला. नुसतं म्हणायचंय." मग हसले. ते हसणं मला अजून दिसतं. "तुमच्या त्या सापशिडीत काय, उद्या परत एकपासून मोज."

पार्किंगमध्ये पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता.

मग त्यांनी बॉनेटच्या मागून स्टीलचा पेला काढला. घरून भरून आणलेला. पाणी न घातलेली दारू. "आठला सेक्रेटरी येतील. मागून पोलीस. सेक्रेटरी तुला काय म्हणतील, ठाऊक आहे ना? हा कर म्हणतील. वास यायला हवा. दोन घोट घे. औषध समज."

पेला त्यांनी माझ्या हातात दिला. वरून टाकला नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा साहेबांची बोटं माझ्या बोटांना लागली.

आता जे सांगतो ते सांगायला जड जातं. मला राग आला नाही. तोंडाला पाणी सुटलं. डोक्यात एक शहाणा माणूस बोलायला लागला: घे, तुझ्यावर पापही येणार नाही, साहेबांनीच दिलीय. नोकरी राहील. उद्यापासून परत मोजू. मी पेला उचलला. ओठाला लागला. थंड कडा अजून आठवते.

आणि खोकला आला. खोटा नाही, खरा. वासानंच आला असेल. पण मी तो ओळखला. विहारात पाचव्या शीलाला काढायचो तोच. बाजूला शर्ट ओढायला कुणी नव्हतं, तरी ऐकू आलं. पप्पा, शीलं पाच आहेत.

पेला बॉनेटवर ठेवला. थोडी सांडली.

"नाही साहेब."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही."

त्यांचा चेहरा तेव्हा बदलला. मला वाटतं खरा चेहरा आला. "तुला गटारातून उचलला मी," ते म्हणाले. "तिथेच परत टाकतो."

सेक्रेटरी आले. हातात दुधाच्या पिशव्या, मागे चार-पाच माणसं. सगळी ओळखीची. रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघून हसणारी. सेक्रेटरी मला म्हणाले, "काय रे? झाला ना वाढदिवस साजरा? हा कर बघू."

मी तोंड मिटलं. इतकं घट्ट की दात दुखले. मग उघडलं, बोलायला.

"अकरा महिने केला. आज करणार नाही. आज साहेबांना सांगा हा करायला."

साहेब सगळ्यांच्या मधोमध उभे होते. डोळे लाल, अंगाला वास. नाक असणाऱ्या प्रत्येकाला तो येत होता. मी प्रत्येकाकडे पाहिलं. एक गृहस्थ घड्याळ बघू लागले. एक बाई म्हणाल्या, "अहो, इतक्या सकाळी कशाला तमाशा." सेक्रेटरींनी दुधाच्या पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या. पण "साहेब, हा करा" असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

तेव्हा मला कळलं. त्यांचं नाक दारू कधी शोधतच नव्हतं. ते मला शोधत होतं.

चावी बॉनेटवर ठेवली, पेल्याशेजारी, आणि चालायला लागलो.

दवाखान्यात काका पाय टांगून पडले होते. मला बघून रडले. म्हणाले, "भाऊ, मले दिसलं. सायेबच होते. खाली उतरून माह्याकडं पाह्यलंबी, अन् गेले. पन मी कोनाले सांगू? माहं कोन आयकते?"

"मी ऐकलं," म्हटलं. "आता दोघं सांगू."

तिथूनच पोलीस चौकीत गेलो. टेबलामागच्या हवालदारांनी सगळं ऐकलं. साहेबांचं नाव ऐकून पेन खाली ठेवलं. मग खुर्ची पुढे ओढून, नाक पुढे करून म्हणाले, "आधी तू हा कर."

"नाकाला हा करणार नाही," मी म्हणालो. "यंत्र आणा. त्यात फुंकतो. रक्तही घ्या. जो आकडा येईल तो कागदावर लिहा, आणि वेळ लिहा. मग हेच साहेबांचंही करा."

यंत्र यायला बराच वेळ लागला. मी बाकावरून उठलो नाही. पाणीही प्यायलो नाही, नंतर कुणी काही म्हणायला नको. यंत्रात फुंकलं. शून्य आलं. माझ्या आयुष्यात इतकं सुंदर शून्य मी पाहिलं नव्हतं. कागदाची प्रत मागून घेतली. साहेबांचं रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी घेतलं म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी काय सापडणार, ते मला विचारा.

संध्याकाळी गटात गेलो. साहेबांसाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती. खिशात त्यांचे आभार मानणारं भाषण होतं, दोन पानी. ते काढलंच नाही. पोरीला पुढे बोलावलं. तिनं पदक माझ्या हातात ठेवलं आणि कानात विचारलं, "पप्पा, आजचा दिवस खोडू ना?" मी म्हणालो, खोड.

गोड शेवट हवा असेल तर इथेच थांबा.

काकांनी जबाब दिलाय, पण दर आठवड्याला त्यांना कुणीतरी भेटायला जातं. सोसायटीनं त्यांच्या जागी दुसरा माणूस ठेवला. मला कोथरूडमध्ये कुणी ड्रायव्हर म्हणून घेत नाही. "पितो तो," असं सांगितलं जातं. आता धायरीतच टेम्पो चालवतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दारूचं दुकान आहे. त्या दुकानासमोर संध्याकाळी एक मोटारसायकल उभी असते. त्यावरचा माणूस मोबाइल हातात धरून बसलेला असतो. एकदा मला थांबवून त्यानं नीट, आदरानं सांगितलं, "साहेबांनी निरोप दिलाय. घाई नाही म्हणाले. घसरशील तू. तुझा एक फोटो पुरेसा आहे आम्हाला."

खरं आहे. पुरेसा आहे. मी एकदा त्या दुकानाची पायरी चढलो की माझा जबाब दारुड्याचा होतो आणि काकांचा पाय आपोआप मोडलेला ठरतो. त्यांना माझी साक्ष खोडायची गरजच नाही. माझी तहान ते काम करेल अशी त्यांची खात्री आहे. आणि तहान गेलेली नाही. तीही त्या मोटारसायकलीसारखीच रोज संध्याकाळी येऊन उभी राहते.

म्हणून मी रोज त्या दुकानासमोरूनच घरी जातो. दुसरी वाट आहे, पण ती घेत नाही. त्या माणसासमोर टेम्पो थांबवतो, काच खाली करतो आणि माझा आकडा सांगतो. काल चारशे अकरा होता.

आज चारशे बारा. लिहून घ्या, आणि तुमच्या साहेबांना सांगा. मी परत एकपासून मोजणार नाही.