बाबा शाळेच्या गेटवर कसे पोचले?

आधीच सांगते, मी असल्या अनुभवांचे धागे वाचायचे ते हसण्यासाठी. उज्जैनला राहूनही माझा भूत-प्रेतावर कधी विश्वास नव्हता... घरातही कुणाचा नव्हता. पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवते. जे मोजता येत नाही ते नाही, असं पोरांना सांगत आलेय. त्यामुळे हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. आमची मराठी जरा हिंदीमिश्रित आहे, सांभाळून घ्या.

माधव नगरमध्ये आमचं खालच्या मजल्याचं घर. मी आणि बाबा, दोघंच. भाऊ पुण्याला. आई चार वर्षांपूर्वी गेली. ती नानाखेड्याकडच्या एका शाळेत शिकवायची आणि बाबा बँकेतून निघून रोज तिला स्कूटरवर घ्यायला जायचे. सव्वीस वर्षं.

आई गेल्यावर बाबांची स्मृती जायला लागली. मग खुब्याचं हाड मोडलं. वॉकर धरून पलंगापासून बाथरूमपर्यंत, तेवढंच चालणं. पण दुपारचे साडेचार वाजले की सुरू व्हायचं...

"गाडीची किल्ली दे. तिची शाळा सुटली."

पहिल्यांदा मी खरं सांगितलं. "बाबा, आई गेली." तर ते असे रडले, की जणू आत्ताच कळलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. प्रत्येक वेळी त्यांच्यासाठी ती बातमी नवीनच! मग मी खोटं बोलायला लागले. आज मीटिंग आहे, आज ती ऑटोनं येतेय. ते मानायचे नाहीत. उठायला बघायचे, पडायचे, मला ढकलायचे. एकदा मी त्यांचा हात इतका जोरात धरला की मनगटावर माझी बोटं उमटली. त्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून मी ओरडून रडले. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, तर ते दिवसभर झोपायचे आणि बरोबर साडेचारला जागे व्हायचे. भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, कुठेतरी ठेवू या त्यांना." आणि सांगायला लाज वाटते, मी हो म्हणायच्या बेतात होते.

शेवटचा उपाय म्हणून स्कूटर काढली. मागच्या अंगणात पत्र्याखाली पंधरा वर्षं पडलेली. बाबांना धरून नेऊन दाखवली तर म्हणाले, "ही माझी नाही. माझी चालते."

ठीक आहे, चालवून दाखवते, असं मनाशी म्हटलं. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. वाटायचं, हिच्यावर मागे बसवून त्यांना एकदा शाळेपर्यंत नेलं, बंद गेट दाखवलं, तर कदाचित शांत होतील. कॉलेजातून आले की कामाला लागायची. तळाचा पत्रा गंजून आरपार गेला होता, तो वेल्ड करून आणला. रंग खरवडला. वरचा चॉकलेटी, त्याच्या खाली मूळचा आकाशी, माझ्या लहानपणचा. सगळा काढून लाल प्रायमर मारला. पण इंजिन काही हलेना. पिस्टन सिलेंडरमध्ये जाम. रॉकेलात भिजवलं, गरम केलं, लाकडी ठोकळा ठेवून ठोकलं. दोन महिने! हाताची सालं निघाली. शेवटी इंजिन उतरवून व्हरांड्यात पोत्यावर ठेवलं. त्या स्कूटरचं मागचं चाक इंजिनालाच जोडलेलं असतं, त्यामुळे अंगणात नुसता सांगाडा राहिला, विटांवर. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावरच अडतं.

डिसेंबरातली गोष्ट. मी फ्रीगंजच्या बाजारात पिस्टनच्या रिंगा बघायला गेले. बाबांजवळ शेजारच्या शर्मा आंटींना बसवलं होतं. पाच वाजता परत आले तर आंटी फाटकात उभ्या.

"बेटा, मैं बस चाय चढ़ाने अंदर गई थी... अंकल जी नहीं हैं!"

पलंग रिकामा. वॉकर पलंगाला टेकून तसाच. फाटक उघडं.

दहा पावलं चालणारा माणूस जाणार कुठे? मी गल्ली पालथी घातली. नाल्यात वाकून पाहिलं. दवाखाना, स्टेशन, ऑटो स्टँड, सगळीकडे मोबाईलवरचा फोटो दाखवत फिरले. महाकालला येणाऱ्यांची गर्दी, गाड्या, भोंगे... आणि प्रत्येक पांढऱ्या डोक्यामागे मी धावतेय. पोलीस चौकीत रिपोर्ट लिहिताना अंगावर कपडे कोणते विचारलं, तर मला आठवेना. सकाळी मीच घातले होते. सगळ्यात वाईट सांगू? एक क्षण मनात आलं, सुटले. ते बाबा की मी, ते मला आजही माहीत नाही.

साडेसहाला फोन आला. नानाखेड्याहून, आईच्या शाळेचा चौकीदार. बाबांच्या खिशात मी माझ्या नंबरची चिठ्ठी ठेवायची, त्यावरून केलेला.

ऑटो करून गेले. बाबा गेटजवळ त्याच्या स्टुलावर बसलेले, केस विंचरलेले. चौकीदाराला विचारलं, "इन्हें कौन छोड़ के गया?"

"कोई नहीं, मैडम. खुद आए. स्कूटर से."

"किसके पीछे बैठ के?"

"अरे, खुद चला रहे थे! पुरानी वाली, आसमानी कलर की. मैंने बोला अंकल, साइड में लगा लो. बोले, मैडम को लेने आया हूँ. मैं पीछे का गेट लगाने गया, आया तो ये यहीं बैठे थे, गाड़ी नहीं थी."

तो माणूस सहा महिन्यांपूर्वीच नोकरीला लागलेला. बाबांना, आम्हाला, कुणालाच ओळखत नव्हता.

ऑटोत बसल्यावर बाबांचा हात हातात घेतला. तळव्याला ताजं काळं ऑइल. विचारलं, "बाबा, कसे आलात?"

ते बाहेर बघत म्हणाले, "आता नको म्हणाली यायला. जाईन म्हणाली मी आपली."

"कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभर ते मला नर्स समजत होते, कधी आपली बहीण. त्या दिवशी नावानं बोलले.

"मीनू, तू फार दमलीस असं म्हणाली ती."

घरी आल्याबरोबर आधी अंगणात गेले. सांगाडा विटांवर, लाल प्रायमरमध्ये, जसाच्या तसा. इंजिन पोत्यावर. पिस्टन जामच.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी दारात उभी राहिले. बाबा खिडकीशी बसले होते. चहा मागितला. बस. त्यानंतर अकरा महिने जगले ते, पण किल्ली एकदाही मागितली नाही. भावाला मी कळवलं, बाबा इथेच राहतील.

मी सोडलं नाही हं. ऑटो स्टँडवर सगळ्यांना विचारलं, कुणी सोडलं असेल म्हणून. शाळेसमोरच्या दुकानाचा कॅमेरा त्या आठवड्यात बंद होता. कुणी भला माणूस आपल्या स्कूटरवर घेऊन गेला असेल आणि चौकीदाराला नीट दिसलं नसेल, हे मी स्वतःला शंभर वेळा सांगून पाहिलंय. हातावरचं ऑइल व्हरांड्यातल्या इंजिनाचंही असू शकतं. सगळं मान्य. पण वॉकरशिवाय ते फाटकापर्यंत कसे गेले, इथेच माझं गणित अडतं. आणि मी दमलेय हे कुणालाच माहीत नव्हतं. मी ते कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.