पुकारलं न गेलेलं नाव : डिचोली ते पेडणे, चार दिवस

दरवर्षी हिवाळ्यात मी रजा जमवून देशांतर्गत क्रिकेट बघायला कुठेतरी जाते, हे या ब्लॉगच्या वाचकांना ठाऊक आहे. शाळेत गणित शिकवणारी पन्नाशीची बाई रिकाम्या स्टँडमध्ये वही घेऊन बसते, याचं आता माझ्या घरच्यांनाही काही वाटत नाही. या वेळी मात्र मी सामन्याला गेले नव्हते. फ्रँचायझी लीगचा लिलाव बघायला गेले होते, तोही टीव्हीवर, डिचोलीजवळच्या मये गावात, दत्तारामभाऊंच्या घरी.

दत्तारामभाऊ मूळचे दोडामार्गचे. खाणीवर ट्रक चालवायला गोव्यात आले आणि खाणी बंद पडल्यावर शाळेची बस चालवायला लागले. सात वर्षांपूर्वी पर्वरीच्या मैदानावर माझ्या शेजारी बसून त्यांनी डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाकडे बोट केलं होतं आणि तो आपला मुलगा नीलेश, एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून गोव्याचा सामना असला की आम्ही शेजारी बसतो. नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. नीलेशचं नाव लिलावाच्या यादीत आलं होतं. टीव्हीवर इंग्रजी बोलतात ते आपल्याला कळत नाही, तुम्ही आलात तर बरं, असं ते म्हणाले. मी त्याच संध्याकाळी रजेचा अर्ज लिहिला.

कोल्हापूरहून सकाळची एसटी धरली की आंबोलीमार्गे दुपारपर्यंत सावंतवाडी येते. स्टँडसमोर घावणे आणि चटणी मिळते. खाऊन घ्या, कारण पुढे दोडामार्गची गाडी कधी सुटेल याचा नेम नाही. मी सव्वा तास बसले. दोडामार्गहून डिचोली जवळ आहे, आणि तिथून मयेला छोट्या खाजगी बस जातात. तळ्याजवळ एका घरात खोली मिळाली, नाश्त्यासकट पंधराशे. शनिवार-रविवारी तळ्यावर गर्दी असते, म्हणून मधल्या वारी जा.

संध्याकाळी नीलेश भेटायला आला. अठ्ठावीस वर्षांचा, बोलण्यात फार शांत. कापणी झालेल्या शेतांच्या बांधावरून आम्ही चालत राहिलो. इथेच तो टेनिस बॉलने गोलंदाजी शिकला, मग आमोण्याच्या स्पर्धांत खेळला, मग जिल्हा, मग राज्य. वाचकांपैकी ज्यांना हा रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. राज्याच्या वीस षटकांच्या सामन्यांत चांगलं केलं की फ्रँचायझीचे निवडकर्ते व्हिडिओ मागवतात. मग चाचणी शिबिराला बोलावतात. कुणाला सरावात गोलंदाजी करण्यासाठी, म्हणजे नेट बोलर म्हणून, नेतात. नीलेश तीन हंगाम एकाच संघाचा नेट बोलर होता. त्याच्या गोलंदाजीवर सराव करून बाकीचे सामने खेळायला जायचे आणि हा दुसऱ्या दिवसाच्या सरावाची वाट बघायचा. यंदाच्या चाचणीनंतर तिथल्या एका माणसाने त्याला तयार राहायला सांगितलं होतं. त्यावर तो किती विसंबलाय, हे मी विचारलं नाही.

लिलाव घरी बघणार नाही, मोरजीला सर्वेशकडे जातो, असं तो म्हणाला. सर्वेश गोव्याचा यष्टिरक्षक, बावीस वर्षांचा, पेडणे तालुक्यातला. त्याचंही नाव यादीत होतं. दोघांनी ठरवलं होतं की टीव्ही लावायचाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून दत्तारामभाऊंच्या ओसरीवर शेजारी जमायला लागले. सुनंदावहिनींनी, म्हणजे नीलेशच्या आईने, सकाळीच देवळात जाऊन यायचं उरकलं होतं. मोठं पातेलं भरून खतखतें, म्हणजे मिश्र भाज्यांचा रस्सा, केलं होतं. माझी खुर्ची भाऊंच्या खुर्चीला अगदी लागून ठेवली होती.

“तुमी इलात, बरां झालां,” ते म्हणाले. “नाव इलां की माका सांगा. ते भराभर बोलतत.”

मी सांगत राहिले. हा कोण, त्याला कोणी घेतलं, हा का राहिला. साडेपाचच्या सुमाराला तरुण यष्टिरक्षकांची नावं सुरू झाली आणि सर्वेशचं नाव आलं. दोन संघांनी पाट्या वर केल्या. तो विकला गेला, आणि गेला तो नीलेश ज्यांचा नेट बोलर होता त्याच संघाकडे. ओसरीवर टाळ्या पडल्या. भाऊ आनंदाने उभेच राहिले. मोरजीचा पोर आपल्या नीलेशच्या बोलिंगवर घडलाय असं ते सगळ्यांना सांगत होते, आणि ते खोटं नव्हतं. नीलेशच्या वळणाऱ्या चेंडूंवर त्याने जे फलंदाज यष्टिचीत केले, त्यांचेच व्हिडिओ निवडकर्त्यांकडे गेले होते.

फिरकी गोलंदाजांची पहिली यादी आली आणि नीलेशच्या नावाच्या आधीच थांबली. उरलेल्यांसाठी शेवटी एक वेगवान फेरी असते. त्यात सगळी नावं पुकारत नाहीत. संघ आधी आपल्याला हवी असलेली नावं लिहून देतात आणि तेवढीच पुकारली जातात. हे मला माहीत होतं. ओसरीवर दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. म्हणून त्या फेरीत एकामागून एक नावं जाताना मी एकटीच घाबरत होते आणि बाकीचे सगळे अजून उत्साहात होते.

मग निवेदिकेने आभार मानले. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली.

“जाहिरात संपली की येतलां ना?” भाऊंनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं की लिलाव संपला. त्यांना वाटलं आपल्याकडून ऐकायचं राहिलं असेल. नीलेशला कोणी घेतलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं, नाव पुकारलं होतं असं म्हणता आलं असतं. पण सात वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसून एकेक चेंडू खरा लिहीत आले होते. नाव पुकारलंच नाही, हे मी सांगितलं.

ते पडद्याकडेच बघत म्हणाले, “म्हणजे ‘नको’ असां पण कोणी म्हणाक नाय?”

“नाही, भाऊ.”

त्यांनी उठून खुर्च्या एकात एक रचायला घेतल्या. शेजारी हळूहळू गेले. वहिनींनी मला जेवायला वाढलं आणि स्वतः स्वयंपाकघरात उभ्याच राहिल्या. थोड्या वेळाने भाऊंनी नीलेशला फोन लावला. “जेवलस काय रे?” एवढं विचारलं, तिकडचं ऐकलं आणि ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी डिचोलीतून चारशे रुपये रोजाने स्कूटर घेतली. अस्नोडा, म्हापसा, मग शिवोलीचा पूल ओलांडला की चोपडे, आणि डावीकडे नदीच्या कडेने मोरजी. म्हापशात पातळ भाजी आणि उंडो, म्हणजे इथला गोल पाव, खाल्ला. एरवी मी त्यावर परिच्छेदभर लिहिलं असतं. त्या दिवशी चव लक्षात राहिली नाही.

सर्वेशच्या अंगणात माणसंच माणसं होती. त्याच्या आईने “बस गो बाय, कदेल घे” म्हणत खुर्ची सरकवली. हार गळ्यात घालून सर्वेश अवघडून उभा होता, आणि पाहुण्यांना चहा देत फिरत होता तो नीलेश. मला बघून तो हसला, कपही दिला. गर्दी ओसरल्यावर आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. कासवांच्या अंड्यांभोवती जाळीचं कुंपण घातलेलं होतं. तिथून लांबून चालायचं असतं. सर्वेश अर्ध्या वाटेत थांबला आणि रडायला लागला. आपलं नाव नीलेशदादाच्या बोलिंगवर झालं, आता त्याच्याकडे बघवत नाही, असं तो सांगत होता. नीलेशने त्याच्या गळ्यात तसाच राहिलेला हार काढला आणि गुंडाळून त्याच्या हातात दिला.

मग त्यानेच सांगितलं. सकाळी त्या संघाचा फोन आला होता. यंदाही नेट बोलर म्हणून ये, म्हणाले.

“मी नाही म्हटलं,” तो म्हणाला. “राज्याकडून हा हंगाम पुरा करतो. मग थांबणार. एका शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा आहे, त्यांना कळवायचंय.”

सर्वेशने खूप समजावलं. मीही दोन वाक्यं बोलले, अजून वय आहे वगैरे. बोलतानाच ती पोकळ वाटली. नीलेशने ऐकून घेतलं आणि सर्वेशला विचारलं, सराव करायचाय ना? संध्याकाळी पेडण्याच्या मैदानावर त्याने सर्वेशला तासभर गोलंदाजी केली. मी जाळीमागे उभी होते. इतक्या वर्षांत त्याची यापेक्षा चांगली गोलंदाजी मी पाहिलेली नाही, आणि ती वहीत लिहिण्याजोगी नव्हती, कारण तो सामना नव्हता.

परतताना त्याने मला हळूच विचारलं, “बाबांना तुम्ही सांगाल?”

आदल्या संध्याकाळनंतर मला ते पुन्हा जमणार नव्हतं. “या वेळी तू सांग,” मी म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी, मी निघायच्या आधी, त्याने ओसरीवर सांगितलं. भाऊ बसच्या किल्ल्या हातात घेऊन उभे होते. ते रागावले नाहीत. शाळेची नोकरी चांगली, म्हणाले. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला, पण त्यांना हायसं वाटलं असावं. भाऊ दोन पायऱ्या उतरले आणि वळले.

“मगे मी कोणाची मॅच बघूक जाऊ?”

शाळेच्या मुलांना उशीर होईल म्हणून ते बसकडे गेले.

घरी येऊन आता बरेच आठवडे झाले. तुम्हाला असा प्रवास करायचा असेल तर जरूर करा. राज्याच्या सामन्यांना बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. पण शेजारी कोण बसलंय ते बघा. लिलावात कोण कितीला गेला हे दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. ज्यांना कोणी नाही देखील म्हटलं नाही, त्यांची घरं मात्र जवळ जाऊन बसल्यावरच दिसतात, आणि एकदा दिसली की लिलावाचा खेळ म्हणून आनंद घेता येत नाही. मला तरी येणार नाही.

नीलेशचा शेवटचा सामना पर्वरीलाच होता. माझी रजा संपली होती. सामन्याच्या चौथ्या दिवशी चहापानानंतर भाऊंचा फोन आला. सामना अनिर्णित राहिला, नीलेशला दोन बळी मिळाले, एवढं त्यांनी सांगितलं. घरी कधी निघणार, असं मी विचारलं.

“नीलेश गेलो गाडयेत,” ते म्हणाले. “मी जरा बसतंय.”

फोन चालूच होता. पलीकडे खेळपट्टीवर रोलर फिरत असल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.